आठवी जागा

सुनंदाबाई वारके डूख धरतात, हे त्यांच्या माहेरी, फैजपूरला, सगळ्यांना ठाऊक आहे. चुलतभावाने लग्नात मानाचं पातळ दिलं नाही म्हणून त्या एकतीस वर्षं त्याच्या दारात गेल्या नाहीत. तो वारला तेव्हा गेल्या, तेही मागच्या दाराने. अशा बाईच्या वाटेला जाण्याआधी माणसाने चार ठिकाणी चौकशी करावी. हर्षिताने केली नाही.

बाई एकसष्ट वर्षांच्या, अंगाने काटक. जळगावात पिंप्राळ्याला दोन खोल्यांत एकट्या राहतात. नवरा, जीवराम, रेल्वेच्या मालधक्क्यावर केळीचे घड वॅगनीत चढवायचा. तो जाऊन बारा वर्षं झाली. मुलगा तेजस पुण्याला असतो, सणासुदीला येतो. आणि बाई चित्रं काढतात. कुंचला केळीच्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, ठेचून केसाळ केलेला. रंग म्हणजे केळीचा चीक.

केळीच्या पट्ट्यात जन्मलेल्याला हा चीक काय चीज आहे ते सांगावं लागत नाही. घड कापला की दांड्यातून ठिबकतो. कपड्यावर पडला तेव्हा नुसत्या पाण्यासारखाच दिसतो. एकदा त्याला साबण-सोडा लागला की तपकिरी होतो, मग काळपट, आणि कापड फाटेस्तोवर जात नाही. म्हणून तिकडे बागेत जायचे कपडेच वेगळे असतात. सुनंदाबाई आठ वर्षांच्या असताना बागेतून येऊन वडिलांच्या कोऱ्या धोतराला हात पुसून मोकळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी आईने धोतर सोड्यात बुडवलं आणि त्यावर त्यांची पाचही बोटं उमटली. मार बसायचा तो बसला. पण मार खाताना पोरीचं लक्ष त्या बोटांकडेच होतं, आणि तिथून जे खूळ डोक्यात शिरलं ते आजतागायत निघालं नाही.

आता त्या चिकात लिंबू पिळतात, म्हणजे तो दोन-तीन दिवस काळा न पडता दम धरतो. पांढऱ्या मांजरपाटावर चित्र काढतात, वाळवतात. कापड कोरंच्या कोरं दिसतं. मग सोड्याच्या पाण्यात बुडवलं की हळूहळू चित्र वर येतं. म्हणजे काढताना बाईंना स्वतःचं चित्र दिसत नाही. कुठे रेघ संपली, कुठे दुसरी सुरू झाली, सगळं हाताला माहीत असावं लागतं. त्यासाठी एकेका जागी त्या महिना महिना जाऊन बसतात, हातात कागद नाही, पेन्सिल नाही. लोकांना वाटतं, रिकामटेकडी म्हातारी.

अशा त्यांच्या जागा सात. पहिली मालधक्क्यावरच्या पादचारी पुलाची, जिथून जीवरामची पाठ दिसायची. आता वॅगनी कमी झाल्या, तरी पाठीसारखा वाकलेला एक लोखंडी खांब आहे आणि बाई तो पाहतात. दुसरी सराफ बाजारातली, सकाळी सात वाजता, दुकानं उघडायच्या आत, झारेकरी गटारातला गाळ परातीत घोळून सोन्याचे कण शोधत असतात तेव्हाची. तिसरी दाणा बाजारातली, जिथे हमाल दुपारी पोत्यांवरच झोपतात. मेहरूण तलावाकाठचं, तिथे बोरं विकणाऱ्या यशोदाबाईच्या टोपलीमागचं झाड ही त्यांची सर्वांत लाडकी. गिरणेच्या पुलाखालचं वाळूतलं डबकं, पिंप्राळ्याचा आठवडे बाजार उठून गेल्यावरची रिकामी मोकळी जागा, आणि नेरी नाक्याकडच्या स्मशानातला कडुनिंब. स्मशान ही कसली आवडती जागा, असं त्यांना कुणी विचारलं तर म्हणायच्या, तिथे कुणी घाईत नसतं.

आठवी एक होती. ती तोवर त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती.

हर्षिता त्यांना कापडाच्या दुकानात भेटली. फुले मार्केटजवळ भिकमचंदजींचं जुनं दुकान आहे, चार पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेल्या घराण्याचं. बाई वर्षानुवर्षं मांजरपाट तिथूनच घ्यायच्या आणि घेताना कापड उजेडाकडे धरून विणीतला एकेक धागा बघायच्या. भिकमचंदजींची धाकटी सून हर्षिता त्या दिवशी गल्ल्यामागे बसली होती. पुण्याला कलेचं शिक्षण घेतलेली, हसरी, बोलायला गोड. मावशी, कशासाठी एवढं बघता, असं तिने विचारलं, आणि बाईंनी, ज्यांनी आयुष्यात या चित्रांबद्दल कुणाला काही सांगितलं नव्हतं, त्यांनी सांगितलं. का सांगितलं, याचा राग त्यांना पुढे हर्षिताच्या रागाहून जास्त आला.

दीड वर्ष हर्षिता त्यांना स्कूटीवर मागे बसवून फिरली. फिरली म्हणजे स्कूटी तिची, वाट बाईंची. सातही जागा बाईंनी दाखवल्या. झारेकऱ्याशी कसं बोलायचं, हमालांच्या झोपेत सावली कशी सरकते, डबक्यात ढग कोणत्या वेळेला उतरतो, सगळं ओंजळीने दिलं. घरी बोलावून चीक गाळायला शिकवलं. हर्षिताला ते जमलं. हात मात्र आंधळा चालेना. दोन रेघांनंतर ती अडायची आणि म्हणायची, दिसल्याशिवाय मला येत नाही. बाई म्हणायच्या, येईल, बसत जा. ती बसली नाही. तिने बाईंची नऊ चित्रं भेट म्हणून नेली, मावशींची आठवण म्हणून घरी लावते म्हणाली. बाई चित्रावर सही करत नसत. कापड धुतल्यावर आपलं नाव कशाला हवं, ज्याला जागा माहीत त्याला हात माहीत, असा त्यांचा हिशेब होता. चुकलाच तो हिशेब.

जानेवारीतल्या एका रविवारी बाई मेहरूणला गेल्या तर यशोदाबाई बोरं बांधायच्या रद्दीतलं एक पान बाजूला काढून बसली होती. ही पारोळ्याकडची, अहिराणी बोलणारी, तोंडाची फटकळ, लिहितावाचता न येणारी. पण फोटो कळायला अक्षरं लागत नाहीत. एका दैनिकाच्या पुरवणीचं आख्खं पान होतं. वर हर्षिताचा झोकदार फोटो, खाली सात लहान फोटो आणि बाईंची चित्रं. यशोदाबाईने एकेक करत सातही फोटोंवर बोट ठेवलं.

"सुनंदा, ह्या बठ्ठ्या जागा तुन्या शेतस. मंग फोटो तिना कसा?"

बाई सातवी शिकलेल्या. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. चित्रकार हर्षिता यांच्या आवडत्या सात जागा. लहानपणापासून मी या शहरात एकटी भटकत आले, असं तिने सांगितलं होतं; आणि ती लहानपणी होती अजमेरला. वाकलेला खांब तिला एका रात्री स्वप्नात दिसला होता म्हणे. जीवरामची पाठ तिच्या स्वप्नात गेली, हे वाचताना बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात शाईच्या पेनाने वळणदार सही होती. आणि अगदी खाली, चौकटीत, एक वाक्य: केळीचा चीक आणून देण्याचं काम सुनंदा मावशी करतात.

बाईंनी पानाची घडी घालून कमरेला खोचली. रडल्या नाहीत. यशोदाबाईने सांगितलं की जा, चार बायका घेऊन दुकानात जा, तमाशा कर. बाई म्हणाल्या की तमाशा करायला आपल्याकडे काय पुरावा आहे, चित्रावर तर सही तिची आहे. मग त्या बोरं न घेताच घरी आल्या आणि ते पान देवाच्या फळीखाली ठेवलं, रोज सकाळी दिसेल असं.

पुढचा महिना त्यांनी आपल्याच जागांवरून परक्यासारखं फिरून काढला. सराफ बाजारात सकाळी सातला पाच-सहा मुली मोबाईल धरून उभ्या, आणि झारेकरी परात काखेत मारून दुसऱ्या गल्लीत निघून गेलेला. दाणा बाजारात लोक हमालांना झोपेतून उठवून पुन्हा झोपायला सांगत होते, फोटोसाठी. स्मशानातल्या कडुनिंबाखाली कुणीतरी वाढदिवसाचा केक कापून गेलं होतं. बाई प्रत्येक ठिकाणी उभ्या राहायच्या आणि मनातल्या मनात हर्षिताला शिव्या घालायच्या. फैजपुरी शिव्या, लेवा बायकांच्या, ज्या लिहिण्यासारख्या नाहीत. पण शिव्यांनी त्यांचं भागत नव्हतं. त्यांना तिला शहरासमोर तिच्याच हाताने उघडं पाडायचं होतं. कसं, ते मात्र सुचत नव्हतं.

मग फेब्रुवारीत हर्षिता स्वतःच चालत आली. पेढ्यांचा बॉक्स घेऊन, पाया पडून. पेपरवाल्यांनी बघा ना काहीच्या बाही छापलं, असं एका वाक्यात झटकून तिने मुद्दा काढला. तिच्या सासरच्या मारवाडी समाजाचं नवं सभागृह बांधून झालं होतं आणि उद्घाटनाला, सगळ्या व्यापारी मंडळींसमोर, तिने मंचावर चित्र काढून दाखवायचं ठरलं होतं. कोऱ्या कापडावर चिकाने काढायचं, सोड्यात बुडवायचं, आणि लोकांदेखत चित्र उमटवायचं. सासऱ्यांनी पत्रिकेत छापूनही टाकलं होतं. आता तिची पंचाईत झाली होती, कारण आंधळा हात तिच्याकडे नव्हता आणि हे जगात दोघींनाच ठाऊक होतं.

तिची युक्ती अशी: मावशींनी आदल्या दिवशी घरीच चित्र काढून कापड वाळवून द्यायचं. ते कोरंच दिसणार. मंचावर ती त्यावर साध्या पाण्याचा कुंचला फिरवेल, नुसता देखावा. बुडवल्यावर मावशींचं चित्र वर येईल.

बाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि महिनाभरात पहिल्यांदा त्यांना भूक लागली. त्यांनी पेढ्यांचा बॉक्स उघडला, एक पेढा खाल्ला, आणि बरं म्हणाल्या. शिवाय वर म्हणाल्या की त्या सात जागा आता शिळ्या झाल्या, तुला आठवी देते. हर्षिताचे डोळे चमकले. कुठे आहे, मला दाखवा ना, आत्ता जाऊ, असं तिने तीनदा म्हणून पाहिलं.

"जागा दाखवून काय करू, माय? कापडावरच पाह्यजो," बाई म्हणाल्या.

आणखी एक गोष्ट त्यांनी आपणहून काढली. चीक जरा गढूळ असतो. साधं पाणी वापरलंस तर पुढच्या रांगेतल्यांना कळेल. तेव्हा मीच बाटलीत पाणी देते, त्यात थोडी भाताची पेज घालून, म्हणजे चिकासारखं दिसेल. हर्षिताने त्यांना मिठीच मारली. मावशी, तुम्ही किती विचार करता, म्हणाली. विचार तर बाईंनी केलाच होता.

सुनंदाबाई फैजपूरला जाऊन आल्या. भावाच्या बागेत घड कापायचे होते; सकाळच्या गारव्यात त्यांनी बाटलीभर चीक धरला, दुहेरी फडक्यातून गाळला, लिंबू पिळलं. घरी आल्यावर नवं मांजरपाट काढलं. त्यांच्याही मनात बऱ्याच गोष्टी येऊन गेल्या. भिकमचंदजींचं घराणं शेपूट लावून काढावं, पेपरातलं पानच्या पान काढावं, एवढंच काय, हर्षिताचं गाढव काढावं असंही वाटलं. पण कुणी काही काढलं की काढणारा शोधतात. मग त्यांनी कापड पाण्यातून काढलं, वाळवलं, इस्त्री केली. त्यावर एक टिंबही काढलं नाही. आणि बाटलीत पेजेचं पाणी भरायचं सोडून चीक भरला.

हर्षिताला खातरी करून घ्यायची झाली असती तर कापड बुडवून बघावं लागलं असतं, आणि एकदा बुडवलं की मंचावर काय बुडवणार? तेव्हा तिला विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बाईंनीही दीड वर्ष तेच केलं होतं.

रविवारी सकाळी अकराला सभागृह भरलं. पुढे शेठ लोक, मागे बायका, आणि सगळ्यांत पुढे मऊ खुर्चीवर प्रेमकुंवरबाई, भिकमचंदजींच्या आई, नव्वदीच्या, डोळ्यांनी तल्लख. सोड्याच्या पाण्याचं पितळी घंगाळ बाईंच्या घरचं होतं. ते घेऊन त्या मंचाच्या कडेला उभ्या होत्या. पुन्हा चीक आणून देणारी मावशीच. हर्षिता पांढऱ्याशुभ्र रेशमी साडीत आली. माइकवर म्हणाली की आज ती तिची सगळ्यात लाडकी, आजवर कुणालाही न दाखवलेली आठवी जागा सगळ्यांसमोर काढणार आहे. टाळ्या झाल्या.

मग तिने कुंचला फिरवला. पाणीच आहे म्हटल्यावर माणूस कसा फिरवील तसा फिरवला. मनगट लचकवत, डोळे मिटून, एकदा तर पाठमोरी होऊन. मागे कुणी बासरी वाजवत होतं. दहा मिनिटं तिने त्या कापडावर हवेत हात करावेत तसे हात केले, मोबाईल वर झाले की हसून थांबली, आणि शेवटी, मोबाईल वर असतानाच, कोपऱ्यात ऐटीत, मोठी, वळणदार सही केली. त्यावेळी बाईंनी घंगाळ आनंदाने जरा पुढे सरकवलं. सहीचं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. ते तिने पदरचं घातलं.

दोन मुलींनी कापड घंगाळात बुडवलं, घुसळलं, आणि आणखी दोघी आल्यावर चौघींनी कोपरे धरून वर उचललं. आधी काही नव्हतं. मग पिवळट रेघा दिसू लागल्या. मग चहासारख्या. लोक माना पुढे काढून बघत होते. रेघा गडद झाल्या, एकमेकींत गुंतल्या, गोल गोल फिरल्या, खाली घसरल्या, पुन्हा वर चढल्या. शेवयांचं ताट उपडं झाल्यासारखं काहीतरी. त्यात झाड नव्हतं, पाणी नव्हतं, माणूस नव्हता. कोपऱ्यातली सही मात्र सुरेख आली होती. हर्षिता, एकेक अक्षर स्वच्छ.

सभागृहात कुणी हसलं नाही. मारवाडी घरची रीतभात आहे ती. एका शेठजींनी चाचपडत दोन टाळ्या वाजवल्या आणि शेजाऱ्याकडे बघून थांबवल्या. भिकमचंदजी, ज्यांना आयुष्यभर कापड बघून दोष ओळखायची सवय, ते बुटांकडे बघू लागले. तेवढ्यात प्रेमकुंवरबाईंनी काठी टेकली आणि अगदी साध्या मनाने नातसुनेला विचारलं.

"बींदणी, ही कोणती जागा गं?"

हर्षिताने कापडाकडे बघितलं. आठवी जागा तिला माहीतच नव्हती. खोटं बोलायलाही काही नाव लागतं. मग सगळ्या सभागृहादेखत ती मंचाच्या कडेला वळली.

"मावशी, तुम्ही सांगा ना."

सगळ्या माना बाईंकडे वळल्या. या क्षणी बाई बोलू शकल्या असत्या. नऊ चित्रांचं सांगू शकल्या असत्या, पुलाचं, जीवरामच्या पाठीचं. त्यांनी पदर सावरला, आणि पेपरातलं वाक्य, जे त्या महिनाभर रोज सकाळी वाचत होत्या, ते शांतपणे परत केलं.

"मी काय सांगू, माय? मी तं नुसता चीक आनून देते. चित्रातलं मले काय कयते?"

हर्षिता तिथेच खाली बसली. प्रेमकुंवरबाईंनी एकदा नातसुनेकडे आणि एकदा सुनंदाबाईंकडे बघितलं. त्यांना कळलं असावं. त्यांनी नातसुनेला हात धरून उठवलं नाही, एवढं खरं.

समाधान वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोला. घरी येताना बाईंनी रिक्षातून आख्ख्या शहराकडे मालकिणीसारखं बघितलं. पेपरात त्यांचं नाव काही आलं नाही, दुरुस्ती छापली गेली नाही, नऊ चित्रं परत मिळाली नाहीत. हर्षिताच्या पांढऱ्या साडीवर उडालेले थेंब पहिल्या धुण्याला वर आले आणि तिची नखं महिनाभर तपकिरी राहिली, असं दुकानातला नोकर सांगत होता. तिने दोनदा फोन केला. बाईंनी उचलला नाही, आणि उचलणारही नाहीत. चुलतभावाला एकतीस वर्षं लागली होती. सातही जागांवरची गर्दी एप्रिलच्या उन्हाने आपोआप पांगली. आठवी जागा कुठे आहे ते मला माहीत आहे, पण इथे लिहिलं तर पुढच्या रविवारी तिथे स्कूट्या लागतील.

त्या दिवशी मंच रिकामा झाल्यावर बाईंनी आपलं घंगाळ उचललं होतं. त्यात ते कापड तसंच पडलं होतं. कुणी हात लावायला तयार नव्हतं. माझ्या घंगाळात आलं ते माझं, असं म्हणून त्या ते घेऊन आल्या. चौपदरी घडी घातली, कडेने जाड दोऱ्याने टाचे घातले आणि उंबऱ्यापाशी टाकलं, सही वर येईल अशा बेताने. दर शनिवारी त्या ते सोड्यात धुतात. धुतल्यावर अक्षरं आणखी काळी होतात.

परवा यशोदाबाई घरी आली होती, तलावाकाठच्या चिखलाच्या पायांनी. पायपुसण्यावर पाय ठेवता ठेवता थबकली. वाचता येत नाही, पण नक्षी आणि अक्षर यातला फरक तिला कळतो.

"हाई काय लिखेल शे व?"

सुनंदाबाई आतून चहा गाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एका मोठ्या आर्टिस्टचं नाव हाये. पाय नीट पूस."